व्यंग घेऊन जन्मलेल्या पिल्लांसाठी: वन्यजीव बचाव केंद्रांना खुले पत्र

वन्यजीव बचाव केंद्रांचे चालक, पशुवैद्य आणि स्वयंसेवक मित्रहो,

सप्रेम नमस्कार.

तीन पायांचे पाडस, वाकड्या चोचीचे पाखरू, पाठीला कुबड असलेले कासव दिसले की माणसाचा जीव कळवळतो. तुमच्याकडे येणाऱ्या फोनांतही असे फोन सर्वांत तातडीचे वाटतात. त्या कळवळ्याविषयी आमची तक्रार नाही. तो नसता तर ही केंद्रेच उभी राहिली नसती. आमचे म्हणणे त्याच्या पुढच्या पायरीविषयी आहे. व्यंग पाहून आपल्या पोटात कालवते, पण त्यावरून त्या प्राण्याची गरज ठरत नाही. तो खातो का, चालतो का, आईबरोबर किंवा कळपाबरोबर टिकतो का आणि त्याला दुखते का, यावरून ती ठरते. हे न पाहता निर्णय घेतला की चूक दोन्ही बाजूंनी होते. जगू शकणारे पिल्लू पिंजऱ्यात येते आणि जगू न शकणारे पिल्लू आपल्या समाधानासाठी आठवडेच्या आठवडे यातना भोगत राहते.

म्हणून पहिली विनंती अशी की, उचलण्याआधी पाहा. प्राणी मान वर करून तुमच्याकडे बघू लागला, तर तुम्ही फार जवळ आहात. मागे सरा आणि दुर्बीण वापरा. एकदा पाहून भागत नाही. सकाळी आणि संध्याकाळी, असे निदान दोन वेळा पाहा. हरणाच्या अनेक जातींत आई पाडसाला गवतात दडवून तासन्‌तास दूर चरते, त्यामुळे एकटे पडलेले पाडस टाकून दिलेले आहे असे गृहीत धरू नका. पाय वाकडा असला तरी आई येऊन पाजत असेल, तर त्याला तुमच्यापेक्षा चांगली दाई मिळालेली आहे. घरट्यातल्या पिल्लाच्या बाबतीत पालक त्याच्या चोचीत घास घालतात का, ते बघा. बाजूने आणि मागून दोन-तीन मिनिटांचे चित्रीकरण करा. वाकड्या अवयवावर प्राणी भार घेतो, तो उचलून धरतो की फरफटत नेतो, हे चित्रीकरणात नीट कळते. फरफटणाऱ्या अवयवाला जखम होते, जखमेवर माश्या अंडी घालतात आणि तिथून प्रकरण वेगळे होते. अंगावर मांस आहे का, पाठीचा कणा आणि कमरेची हाडे वर आली आहेत का, शेपटीखालचा भाग विष्ठेने माखला आहे का, एवढे लांबूनही दिसते. फोन घेणाऱ्याच्या फॉर्मवर ‘व्यंग कोणते?’ हा प्रश्न बहुतेक ठिकाणी सर्वांत वर असतो. त्याच्याही वर ‘प्राणी स्वतः काय काय करतो?’ हा रकाना घाला. फोन करणारा माणूसही मग वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

व्यंगासह जगलेल्या रानटी प्राण्यांच्या नोंदी मोजक्या असल्या, तरी भरवशाच्या आहेत. जपानच्या जिगोकुदानी येथील मोझू ही माकडीण हातापायांचे पंजे नसल्यासारखीच जन्मली. बर्फात खुंटांवर रखडत ती कळपाबरोबर दोन दशकांहून अधिक काळ जगली आणि तिने पाच पिल्ले वाढवली. त्याच देशातल्या आवाजी बेटावरच्या माकडांच्या एका कळपात हातापायांचे जन्मजात व्यंग असलेली पिल्ले अनेक दशके जन्माला येत आहेत. त्यांतली कित्येक मोठी झाली, काही स्वतः आया झाल्या. ती जास्त विश्रांती घेतात, काही वेळा दोन पायांवर चालतात, जे हातांनी जमत नाही ते तोंडाने किंवा कोपराने करतात. टांझानियातल्या महाले इथे २०११ साली चिंपांझीचे एक मादी पिल्लू जन्मले. त्याला आधाराशिवाय बसताही येत नव्हते. पिल्लू स्वतः नीट लटकू शकत नाही म्हणून आई त्याला एका हाताने सावरून वावरत असे, आणि मोठी बहीण ते पिल्लू सांभाळत असे, तेवढ्या वेळात आई खाऊन घेई. ते पिल्लू सुमारे दोन वर्षे जगले. या नोंदी वाचताना एक भान मात्र ठेवा. दोन्ही जपानी कळपांना माणसांकडून खाणे मिळते. प्रत्येक जंगलात असे घडेल, असा अर्थ यातून काढता येत नाही. एवढे मात्र कळते की नुसते व्यंग दिसले म्हणून प्राणी पकडायला ते कारण पुरेसे नाही.

आता जे पिल्लू खरोखरच तुमच्या टेबलावर आले आहे, त्याच्याविषयी. पहिल्या तासात डोळ्यांत भरणारे व्यंग बाजूला ठेवा आणि लपलेले शोधा, कारण व्यंगे पुष्कळदा जोडीने येतात. पिल्लू थंड असेल तर आधी ऊब द्या; गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात दूध पचत नाही. पाजण्यापूर्वी तोंड उघडून टॉर्चच्या उजेडात टाळू बघा, अगदी मागचा मऊ भागसुद्धा. टाळू फाटलेली असेल तर दूध नाकातून येते, फुप्फुसात उतरते आणि दोन-तीन दिवसांत न्यूमोनिया होतो. लोक दुधाच्या प्रकाराला किंवा बाटलीच्या बोंडाला दोष देत बसतात आणि दोष टाळूत असतो. शेपटी उचलून गुदद्वार आहे का ते पाहा, ओल्या कापसाने चोळून पहिली विष्ठा झाल्याची खात्री करा. गुदद्वार बंद असलेले पिल्लू पहिल्या दिवशी छान पिते, म्हणूनच फसवते; पोट फुगायला लागते तेव्हा उशीर झालेला असतो. बेंबीपाशी आतडे बाहेर आले आहे का, कवटी घुमटासारखी फुगून डोळे खाली वळले आहेत का, स्टेथोस्कोपने हृदयाचा फुसफुसता आवाज येतो का, हे सगळे त्याच बैठकीत पाहा आणि लिहा.

मान वाकडी, चाल डुलती, अंगाला कंप अशी लक्षणे असतील तर आणखी एक काळजी घ्या. काही पिल्लांचा लहान मेंदू जन्मतःच अपुरा वाढलेला असतो. ती हालचाल करताना थरथरतात, निवांत पडली की कंप थांबतो, आणि दिवसागणिक हे वाढत नाही. लक्षण वाढत चालले तर तो संसर्ग समजा. सस्तन प्राण्यात मज्जासंस्थेचे कोणतेही लक्षण दिसले तर रेबीज नाही असे ठरेपर्यंत हातमोज्यांशिवाय हात लावू नका. ‘बिचारे जन्मापासूनच असे आहे’ हे वाक्य निदान म्हणून धोक्याचे आहे.

पायाचा सांधा वाकलेला असेल तर एक सोपी चाचणी आहे. पिल्लाला शांत करून सांधा हळूच सरळ करून बघा. हाताने सरळ होत असेल तर स्नायुबंध आखडलेले आहेत. अशी सौम्य प्रकरणे न घसरणाऱ्या टणक जमिनीवर थोडे थोडे चालवून आणि गरज पडल्यास कापसाची गादी घातलेली खपची बांधून काही दिवसांत सुधारतात. खपची रोज सोडून कातडी बघावी लागते, कारण पिल्लाच्या कातडीवर दाबाची जखम एका रात्रीत होते. सांधा हाताने हलतच नसेल, त्याच्याभोवती स्नायू जवळजवळ नसतील, तर तो गर्भातच गोठलेला सांधा आहे. तिथे खपची फक्त जखमा करते. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत एकाच हंगामात अशी तीन-चार पिल्ले आली तर डास-चिलटांमार्फत गाभण माद्यांना होणाऱ्या आकाबाने किंवा श्मालेनबर्ग विषाणूंचा संशय घ्या आणि नमुने प्रयोगशाळेला पाठवा.

यापुढचा मुद्दा आम्हाला सर्वांत जास्त सलतो. ‘जन्मजात’ म्हणून नोंदलेली बरीच व्यंगे प्रत्यक्षात माणसाच्या हातून, कित्येकदा केंद्रातच, तयार झालेली असतात. शिकारी पक्ष्याच्या पिल्लाला नुसते हाड काढलेले मांस भरवले की काय होते? अशा मांसात कॅल्शियमच्या कितीतरी पट, साधारण पंधरा-वीस पट, फॉस्फरस असतो. वाढत्या पिल्लाला प्रमाण उलटे हवे असते: फॉस्फरसच्या दीड ते दोन पट कॅल्शियम. रक्तातले कॅल्शियम टिकवायला शरीर हाडांतून ते काढून घेते, हाडे मऊ होतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, उडी मारताच हाड दुमडून मोडते. झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लात याला दोन आठवडेसुद्धा पुरतात. सरड्या-कासवांत जबडा रबरासारखा लवतो. त्यांच्या बाबतीत अतिनील (यूव्ही-बी) किरणांचा अभावही कारण असतो, आणि खिडकीच्या काचेतून येणारे ऊन ती उणीव भरून काढत नाही, कारण काच नेमकी तीच किरणे अडवते. हाड वाकून पक्के झाले की पुढे कितीही कॅल्शियम द्या, ते सरळ होत नाही. यावर उपाय म्हणजे पहिल्या घासापासून हाडांसकट अख्खे भक्ष्य बारीक करून देणे, किंवा मोजून कॅल्शियम मिसळणे. मोजून म्हणजे वजनकाट्यावर मोजून, चिमटीने नव्हे.

तशीच गोष्ट फाकलेल्या पायांची. गुळगुळीत तळाच्या खोक्यात, वर्तमानपत्रावर ठेवलेल्या पक्ष्याच्या पिल्लाचे पाय बाजूला घसरतात, आणि आठवड्याभरात कमरेचा सांधा तसाच घडतो. खोक्यात कापडाचे खोलगट घरटे करा, पिल्लाचे पाय पोटाखाली राहिले पाहिजेत. पाय फाकलेच, तर पहिल्या काही दिवसांत उपाय बहुधा लागू पडतो. दोन्ही पाय नैसर्गिक अंतरावर ठेवून मध्ये स्पंजचा तुकडा द्यायचा आणि मऊ चिकटपट्टी इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळायची. दिवसातून दोनदा बोटांचा रंग पाहायचा, दर एक-दोन दिवसांनी पट्टी बदलायची. पिल्लू इतक्या वेगाने वाढते की कालची सैल पट्टी आज कातडीत रुतते. वळलेल्या बोटांना पुठ्ठ्याचा छोटा तळवा बांधतात, त्यालाही हेच नियम. वळलेली बोटे बऱ्याचदा ब-२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होतात, तेव्हा आहार न बदलता नुसता पुठ्ठा बांधण्यात अर्थ नाही.

बदकांच्या आणि हंसांच्या पिल्लांत पंखाचे टोक बाहेर वळून कुशीतून उघडे लटकते. पाव आणि तत्सम भरपूर ऊर्जेच्या खाण्याने पिसांचे वजन मनगटाच्या सांध्याला पेलवत नाही, असे त्याचे कारण बहुधा मानले जाते. लवकर लक्षात आले तर पंख नैसर्गिक घडीत दुमडून, फक्त त्याच पंखाभोवती, स्वतःला चिकटणारी पट्टी तीन ते पाच दिवस ठेवावी, रोज थोडा वेळ सोडून हालचाल करू द्यावी आणि आहारात हिरवा पाला वाढवावा. छातीभोवती पट्टी आवळू नका. पक्ष्याला श्वास घ्यायला छातीचे हाड पुढे-मागे हलावे लागते. ते जखडले की तो गुदमरतो. मोठ्या पक्ष्यात हा सांधा पट्टीने परत येत नाही.

काही व्यंगे दुरुस्त झाल्यासारखी दिसतात आणि होत नाहीत. वाजवीपेक्षा लांब, वळलेली चोच कापून आकार देता येतो, पण ती पुन्हा वाढते. अलास्कातल्या चिकडी पक्ष्यांत १९९० च्या दशकाच्या अखेरीस अशा चोची मोठ्या संख्येने आढळू लागल्या. पुढे २०१६ साली त्यांचा संबंध पूर्वी अज्ञात असलेल्या एका विषाणूशी जुळला. अशा पक्ष्याला अन्न तर मिळत नाहीच, पिसेही साफ करता येत नाहीत, आणि थंडीत ओली मळकी पिसे उपासमारीइतकीच घातक ठरतात. चोच कापून त्याला लगेच सोडून देणे म्हणजे काही आठवड्यांनी तीच उपासमार पुन्हा देणे. कृत्रिम चोची आणि कृत्रिम पाय यांची छायाचित्रे लोकांना फार आवडतात. तो आनंद आम्हालाही कळतो. पण असा अवयव रोज काढून धुवावा लागतो, वाढत्या प्राण्यात पुन्हा पुन्हा नव्याने बसवावा लागतो. म्हणजे तो प्राणी आयुष्यभर माणसाच्या हाताखाली राहणार, हे आधी मान्य करून मगच त्या वाटेला जा.

आयुष्यभराचा पिंजरा ही आपोआप दया होत नाही. एक पाय नसलेला शिकारी पक्षी बाहेरून धडधाकट दिसतो. सगळा भार उरलेल्या पायावर येतो, तळव्याची कातडी गुळगुळीत होते, मग लाल, मग त्यात गाठ आणि पू होऊन संसर्ग हाडापर्यंत जातो. असा पक्षी ठेवायचाच असेल तर बसायच्या दांड्यांवर कृत्रिम गवत गुंडाळा, वेगवेगळ्या जाडीचे दांडे द्या, ते जमिनीपासून कमी उंचीवर ठेवा, वजन काटेकोर सांभाळा, आठवड्याला तळवा बघा. आणि स्वतःला विचारा, हे किती वर्षे? कासव आणि पोपट कित्येक दशके जगतात. कळपात राहणाऱ्या प्राण्याला कळप देऊ शकणार आहात का? माणूस दिसला की तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात आदळतो का? रोज भीतीत काढलेली दहा वर्षे आपण त्याच्या नावावर उपकार म्हणून मांडू नयेत.

म्हणूनच शांत मरण हाही उपचार आहे, आणि तो टाळणे ही नेहमीच माया नसते. गिळता न येणे, गुदद्वार किंवा लघवीचा मार्ग नसणे, गोठलेले सांधे एकाहून अधिक पायांत असणे, मेंदू कवटीबाहेर असणे, अशा प्रकरणांत निर्णय पहिल्या चोवीस तासांत घ्या. चार दिवस पाजून, नाव ठेवून मग घेतलेला निर्णय काळजीवाहूला मोडतो आणि पिल्लाचे ते चार दिवस वाया जातात. तो पशुवैद्यानेच अमलात आणावा: आधी पूर्ण गुंगी, मग पेंटोबार्बिटल हे शांत मरण देणारे औषध. सरपटणाऱ्या प्राण्यांत मेंदू मेल्यावरही हृदय बराच वेळ धडधडते, आणि उलट डोके वेगळे केल्यावरही मेंदू काही काळ जागा राहू शकतो. म्हणून गुंगीशिवाय डोके कापणे किंवा जिवंत प्राणी फ्रीजरमध्ये ठेवणे आम्हाला मान्य नाही. पेंटोबार्बिटल दिलेला देह उघड्यावर टाकू नका. तो खाणारी गिधाडे आणि इतर प्राणी त्याने मरतात. तो जाळा किंवा खोल पुरा. ज्या स्वयंसेवकाने ते पिल्लू हातात धरले होते, त्याला निर्णयाची कारणे समोर बसवून सांगा. एवढे त्याचे देणे लागतो.

प्रदर्शनाबद्दल थोडक्यात, पण ठामपणे. दोन तोंडांचा साप, पांढरा वाघ, सहा पायांचा बेडूक यांच्यासमोर गर्दी जमवून निधी गोळा करू नका. बंदिवासातले बहुतेक पांढरे वाघ १९५१ साली रीवाच्या जंगलात पकडलेल्या मोहन या एका नराचे वंशज आहेत. रंग टिकवण्यासाठी त्याची त्याच्याच मुलीशी जोडी लावली गेली आणि तोच क्रम पुढे चालला. त्या रंगाबरोबरच डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची जोडणी चुकते, म्हणून त्यांच्यात तिरळेपणा इतका आढळतो. अमेरिकेतील प्राणीसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ साली अशा दुर्मीळ लक्षणांसाठी प्रजनन करणे थांबवायला सांगितले. तुमच्याकडे असा वाघ आश्रयाला असेल तर त्याला उत्तम सांभाळा. त्याची पिल्ले मात्र होऊ देऊ नका. रानातही जवळच्या नात्यातले प्रजनन हेच करते. फ्लोरिडातील पँथर (तिथले प्यूमा) जेमतेम वीस-तीस उरले तेव्हा शेपटीला गाठ, वृषण खाली न उतरणे, हृदयाच्या पडद्याला छिद्र हे दोष त्यांच्यात पसरले. १९९५ साली टेक्सासहून प्यूमाच्या आठ माद्या आणून सोडल्यावर पुढच्या पिढ्यांत हे दोष कमी झाले आणि संख्या वाढली. एकेका पँथरवर शस्त्रक्रिया करून हे साधले नसते.

शेवटची विनंती नोंदींची. व्यंग घेऊन आलेले पिल्लू तुमच्या भागातल्या पाण्याविषयी काही सांगत असेल. कॅलिफोर्नियातल्या केस्टरसन जलाशयावर १९८३ साली पाणपक्ष्यांची डोळे, चोच किंवा पाय नसलेली पिल्ले आणि भ्रूण सापडले; शेतांतून निचरा होऊन आलेल्या पाण्यातले सेलेनियम तळ्यांत साठत गेले होते. तिथे निचरा बंद झाला तो या नोंदींमुळे. १९९५ साली मिनेसोटातल्या शाळकरी मुलांना एका तळ्यावर व्यंग असलेले बेडूक मोठ्या प्रमाणात सापडले आणि त्यातून वर्षानुवर्षांचे संशोधन उभे राहिले. आज माहीत आहे की जादा पाय येण्यामागे पुष्कळदा रिबेरोइया नावाचा चपटा कृमी असतो. तो गोगलगायीतून बाहेर पडून बेडूकमाशाच्या पायाच्या अंकुरात घुसतो, आणि शेतातल्या खतांचे पाणी तळ्यात आले की शेवाळ वाढते, गोगलगायी वाढतात, कृमीही वाढतात. पाय कमी असतील तर मात्र चतुराच्या अळ्यांनी कुरतडलेले असण्याचीही शक्यता असते. म्हणून ‘पायाचे व्यंग’ एवढे लिहून काही कळत नाही. जादा की कमी, डावा की उजवा, कोणत्या सांध्यापासून, हे लिहा.

प्राण्याची वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्या. एक्स-रे निदान दोन दिशांनी काढा. मेलेल्या पिल्लाचा एक भाग दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवा, दुसरा ९५ टक्के इथेनॉलमध्ये किंवा गोठवून, कारण फॉर्मेलिनमध्ये डीएनए खराब होतो. कीटकनाशकांची तपासणी करायची असेल तर नमुना प्लास्टिकमध्ये न ठेवता ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून उणे २० अंशांवर ठेवा. आणि जे सहसा कोणीच लिहीत नाही ते जरूर लिहा: त्याच ठिकाणी, त्याच दिवशी निरोगी किती दिसले. बेडकांत शंभरात पाचपर्यंत व्यंग सर्वसाधारण मानले जाते. पाच व्यंगी बेडूक दहांतले की दोनशेंतले, हे कळल्याशिवाय त्या तळ्याकडे धावायचे की नाही हे ठरवता येत नाही. जागेचा नेमका पत्ता मात्र संशोधकांपुरता ठेवा. जाहीर केला तर दुसऱ्या दिवशी कॅमेरे घेऊन माणसे येतात, आणि जे पिल्लू आईच्या भरवशावर कसेबसे तग धरून होते, त्याची आईच तिथून निघून जाते.

आपले,
वन्यप्राण्यांच्या उपचारात आणि संगोपनात काम करणारे पशुवैद्य व काळजीवाहू